धरून ठेवायचा वेळ

वेर्णाच्या पठारावर, शेड नंबर चार.
पितळेचा बुश, करंगळीच्या नखाएवढा,
अंगावर तिरक्या खाचा.
आणि काळ्या नायलॉनचं झाकण,
ज्यानं त्याला तापल्या क्षणी पोटात घ्यायचं.
आकडा ठरलेला: नऊशे न्यूटननं ओढला
तरी निघता कामा नये.

निघत होता.
सोमवारी सकाळी तर असा निघायचा
जसा हलणारा दुधाचा दात.

मी सत्तावीस चाचण्यांचा तक्ता आखला.
दाब वाढवला: झाकणाला केसाएवढी भेग.
उष्णता वाढवली: नायलॉन काठावर उतू गेलं,
पितळेला काळी मिशी फुटली.
वेळ वाढवला: बुश बसला, पण
अकरा सेकंदांना एक नग.
साहेब म्हणाले, पुण्यात हेच आठात होतं.

मग हवेला दोष दिला.
समुद्र या शेडमधून दिसत नाही,
नायलॉनला मात्र दिसतो.
उघड्या गोणीत बसून ते पाणी पितं,
कुणाला न सांगता.
म्हणून दाणे चार तास ऐंशी अंशांवर सुकवले.
थोडा फरक पडला. सोमवार तसाच राहिला.

पिएदाद रेबेलो, मशीन दोन, चौदा वर्षं.
लोटलीहून पहिल्या बसनं येते,
डब्यात काल रात्रीची आमटी आणि पाव.
माझ्या तक्त्याकडे तिनं कधी पाहिलं नाही.
एका सकाळी मुठीतला बुश
माझ्या गालाला लावला:
"थंड आसा रे पुता. थंड."

स्टोअरचा एसी रात्रभर चालू.
पितळ तिथून येतं ते हिवाळा घेऊन,
आणि तापलेलं प्लास्टिक त्याला शिवताच
खाचेत उतरायच्या आधीच थिजतं.
मला हे माहीत होतं. पुस्तकात होतं.
फक्त हाताला माहीत नव्हतं.

तिच्या मशीनवरचे नग का निघत नाहीत
तेही त्या दिवशी कळलं:
ती बुशांचा ट्रे ड्रायरच्या झाकणावर ठेवायची,
नियमाविरुद्ध,
कामतीणबाई लोणच्याची बरणी उन्हात ठेवतात तसा.

मी ट्रेवर थर्मामीटर धरला. पासष्ट अंश.
ओढून पाहिलं: अकराशे चाळीस.
पुन्हा. अकराशे दहा.
पुन्हा, कारण विश्वास बसेना.

एक नग मधोमध कापून भिंगाखाली धरला.
कुठेही मिसळणं नाही.
पितळ पितळच, नायलॉन नायलॉनच,
मध्ये एक बारीक काळी रेघ.
पण प्रत्येक खाचेत, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत,
ते जाऊन बसलं होतं
आणि सोडायला तयार नव्हतं.

नवी कार्यपद्धती लिहिली.
बुश तापवून घ्यावेत, पासष्ट अंश.
दाबाचा वेळ निम्मा. एकूण सात सेकंद.
"तयार करणार" या रकान्यात माझं नाव,
"मंजूर करणार" मध्ये साहेबांचं.
तिसरा रकाना कागदावर नव्हता.

पेढे वाटले. फर्मागुडीचे.

मग एका दुपारी मशीन दोनच्या मागे उभा होतो.
अकरा सेकंदांच्या काळात
नग खाली, मशीन वर, आणि मधल्या चारांत
पिएदाद खिडकीबाहेर बघायची.
कुंपणापलीकडे एक काजूचं झाड आहे,
कोणाचंच नाही. मोहोर कधी आला,
पहिलं बोंडू कधी पिवळं पडलं,
शेडमध्ये सगळ्यांना तिच्याकडूनच कळायचं.

आता तिच्या हाताला वेळ नाही.
सातव्या सेकंदाला पुढचा नग.
हे तिनंच शोधलं होतं,
तिच्याच चार सेकंदांची किंमत देऊन,
आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.
विचारायला मीच होतो.

ती काही बोलली नाही.
फक्त म्हणाली, बोंडवां पडलीं जावंक जाय,
पळोवंक मेळूंक ना.

रात्री कार्यपद्धती उघडली.
दाबल्यानंतर बुश धरून ठेवायचा वेळ:
एक सेकंद. चाचणीत तेवढा पुरतो.
खोडून लिहिलं: तीन.

ऑडिटमध्ये कुणी विचारलंच
तर सांगीन, इथल्या हवेत
नायलॉन सावकाश गोठतं.
ते अगदीच खोटं नाही.